मॅडमची सही

टेक्सासमध्ये नर्सिंगची परीक्षा द्यायची, तर नागपूरच्या माझ्या कॉलेजनं गुणपत्रकं सीलबंद करून थेट तिथल्या नर्सिंग बोर्डाला पाठवायला हवी होती. आपण नेऊन दिलेली चालत नाहीत. प्राचार्य मॅडमची मेली एक सही! मी टेक्सासला, म्हणून माझी आई दुखरे गुडघे धरून कॉलेजचा जिना चढायची आणि मॅडम दर वेळी म्हणायच्या, "सोमवारी या." असं वर्ष गेलं. माझ्यासोबत अभ्यास करणारी फिलिपिनो मैत्रीण लायसन्स घेऊन नर्स झाली, मी वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून म्हाताऱ्यांना आंघोळी घालत राहिले.

शेवटी एकदाची सही झाली आणि मीही नर्स झाले. आता टेक्सासमधल्याच शुगर लँडच्या हॉस्पिटलात एका वॉर्डची मी मॅनेजर आहे. गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. त्यांच्या मुलीचा नोकरीचा अर्ज माझ्याकडे आलाय, जरा बघ ना बेटा. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "सोमवारी फोन करा, मॅडम."

आज चौथा सोमवार. फोन वाजतोय आणि मी निवांत चहा पितेय.