गावाचं नाव घालून गाणारे वेलिमिर काका

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूमागच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नळ गळो की हीटर बंद पडो, वेलिमिर काका हजर. सत्तरी उलटलेले हे सर्ब गृहस्थ तरुणपणी बोस्नियातल्या लग्नांत अकॉर्डियनवर गायचे. ज्या गावात लग्न, त्या गावाचं नाव गाण्यात गुंफायचं, ही त्यांची खासियत.

मग युद्ध आलं. काका सर्ब सैनिकांसाठी गाऊ लागले, त्यांच्या कॅसेटी घरोघरी वाजू लागल्या. उद्या ज्या मुसलमान गावावर चालून जायचं त्याचं नाव कमांडर सांगायचा, काका ते त्याच चालीत बसवायचे. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, आमच्या सिंकखाली आडवे होऊन, पाना फिरवत. "मी फक्त गायलो," म्हणाले. शिकागोत आल्यापासून त्यांनी अकॉर्डियनला हात लावला नव्हता.

पण मी पडले हट्टी. इतक्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलात, असं म्हणत सासूबाईंच्या पंचाहत्तरीला गाण्यासाठी त्यांना गळ घातली.

आधी त्यांची बोटं अडखळली. मग असा आवाज लागला की सासूबाईंचं वाई, शेजारच्या संजयचं अकोला, सगळी गावं गाण्यात येऊ लागली. काका चक्क हसत होते आणि मी फुशारून गेले होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या सेनादा आजी दिसल्या. आपली सवय जाते का? मी विचारलंच, "आजी, तुमचं गाव कोणतं?"

"ओराश्निक," त्या म्हणाल्या. "बोस्नियात."

अकॉर्डियनचा भाता अर्ध्यावरच थांबला. काकांचा चेहरा पाहून मला सगळं कळलं.

आजी खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसल्या. सगळ्यांना समजावं म्हणून इंग्रजीतच बोलल्या. "ते नाव तुम्ही आधीच बसवलंय. टेकडीवरून लाउडस्पीकरवर तुमचंच गाणं लावलं होतं. सकाळी माझे दोन्ही मुलगे नेले. आता इथे गा."

काकांनी सुरुवात केली. गावाच्या नावाशी आवाज फुटला. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच. गळ मीच घातली होती. मला माझीच भयंकर लाज वाटत होती.

आजींनी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन होईपर्यंत थांबल्या, ग्लास परत घेतला.

"पुढच्या ओळीत मुलांची नावं घाला," म्हणाल्या. "एमिर. आणि हारिस."