अर्थ लावू नका

“अर्थ लावू नका. फक्त लक्षात ठेवा.”

प्रयोगाला बसलेल्या प्रत्येकाला आमचे सर एवढंच सांगायचे आणि घड्याळाची कळ दाबायचे. सांगलीच्या कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवत. माणूस विसरतो कसा, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. मी त्यांची मदतनीस. पुठ्ठ्यांवरचे निरर्थक शब्द एकेक करून दाखवायचं माझं काम. ‘टूप’, ‘झिग’, ‘मेच’. ओळखीचा शब्द आला की जुन्या आठवणी मदतीला धावतात, म्हणून असले.

आटपाडीचा एक विद्यार्थी वैतागला. “सर, ह्याला काय अर्थच न्हाई की वो!”

“नाहीच. तो काढून टाकण्यात माझी उन्हाळ्याची सुट्टी गेली.”

कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी अडखळतं. मग मलाच का घेतलं, असं एकदा धीर करून विचारलं.

“असल्या शब्दांना ते चालतं. शिवाय तुमचा चेहरा काही बोलत नाही. निकाल मधेच कळला की प्रयोग बिघडतो.”

माझ्या बुजरेपणाचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

पुढे सर एकच सूचना दोनदा देऊ लागले. हातात खडू असताना खडू मागू लागले. विसरभोळे प्राध्यापक तुम्हीही पाहिले असतील, आपण हसतो. पण वाईला त्यांचे थोरले भाऊ घाटावरून परतताना स्वतःचं घर चुकायचे, हे मला ठाऊक होतं.

एका दुपारी, दार नेहमीसारखं उघडं ठेवून, सर समोरच्या खुर्चीत बसले. “आज मला बसवा.”

सगळे शब्द त्यांनी घडाघडा सांगितले. माझा जीव भांड्यात पडला. त्यांचा नाही.

“हे मीच बनवलेत हो, पाठच आहेत. तुम्ही नवे करून आणा. सोपे नकोत.”

सोपेच करावेत असं फार वाटलं. केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेवटचा पुठ्ठा संपला. सरांनी पहिला शब्द सांगितला. थोड्या वेळाने तोच पुन्हा. मग ते खिडकीकडे बघत राहिले. आटपाडीच्या त्या मुलालाही निम्मे आठवले होते.

निकाल विचारायचा नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी विचारला नाही. नुसतं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी तो सांभाळत होते.

“बरं,” ते हळूच म्हणाले, “अर्थ लावत नाही मी.”

दिवाळीला ते वाईला गेले, ते परतले नाहीत.

त्यांच्यासाठी केलेले ते शब्द मला अजून ओळीने पाठ आहेत.