मेकचं घर, डूचं घर

हैबतराव सरांचा इंग्रजीचा क्लास रोह्यात माझ्या शिलाईच्या दुकानावर भरतो. मधे नुसत्या फळ्या. सर शिकवतात वर आणि डोकं उठतं माझं! त्यांचं ठरलेलं व्याख्यान मी झोपेतही म्हणेन.

"पोरांनो, मराठीत सगळ्याला एकच 'करणं'. चहा करा, अभ्यास करा, चूक करा. इंग्रजीत तसं नाय! तिथं दोन घरं. चहा, चूक, आवाज हे 'मेक'च्या घरचे. अभ्यास, भांडी, धंदा हे 'डू'च्या घरचे. या घरचं त्या घरात द्यायचं नाय. सोयरीक जुळत नाय म्हणजे नाय!"

पोरं खिदळायची. मी खाली काजं करता करता दातओठ खायचो. कारण सरांची एकुलती एक प्रणिता दोन वर्षांपूर्वी धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरवाल्यांच्या धनेशशी लग्न करून गेली होती. सर निडी गावचे, भातशेतीवाले; मिठागरवाल्यांत लेक देणं त्यांना कमीपणाचं. त्यांनी लेकीचं नाव टाकलं. कुणी विचारलंच तर "पुण्याला असते, नोकरीला." अख्ख्या रोह्याला खरं ठाऊक, पण तोंडावर बोलणार कोण? मीही नाही बोललो. दुकानाची जागा त्यांची आहे ना!

यंदा भूमिका नावाची मुलगी क्लासला यायला लागली. इथल्याच एका कंपनीत लागलेली, शिफ्ट सुटली की वर. पहिल्याच आठवड्यात सरांनी तिला उभं केलं.

"वचन?"

"मेक, सर."

"उपकार?"

"डू."

"मैत्री?"

"मेक."

"शाब्बास! आधी कुठल्या क्लासला होतीस गो?"

"क्लास नाय, सर. आमची वैनी शिकवते. संध्याकाळी गावची पोरं ओट्यावर बसतात. हीच दोन घरं सांगते, मेकचं आणि डूचं."

"अरे वा! तिला कुणी शिकवलं?"

"तिच्या बाबांनी. म्हणजे तुम्हीच, सर. रविवारी बाळाचं बारसं हाय. वैनी बोलली, बाबांना सांग, पण आग्रह नको करू."

माझं मशीन आपोआप थांबलं. मग सरांचा आवाज आला, "आज एवढंच."

पोरं गेली तशी सर खाली येऊन माझ्या स्टुलावर बसले. तोंड एवढंसं झालेलं.

"जनू, मेल्याहून मेल्यासारखं झालं रे. मी तिला पुण्याला धाडून मोकळा झालो, आणि ती तिथं चारचौघांत माझं नाव सांगते."

"मग चला की आता तरी!" मी खेकसलोच. "का तिनं पाया पडत यायचं?"

"एकट्याचे पाय नाय उचलत."

म्हणून रविवारी मी त्यांच्यासोबत गेलो. पेणहून रिक्षा केली. सर वाटभर घाम पुसत होते. दोनदा म्हणाले, "परत फिरू या का?" मी ऐकलंच नाही.

पण धनेशच्या घरच्यांनी आल्याआल्या सतरंजी घातली. धनेश वाकून पाया पडला. प्रणितानं बाळ सरांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. सर बाळाच्या मुठीशी खेळत बसले. मला वाटलं, चला, सुटलो.

तेवढ्यात धनेशची आई, बायजाबाई, ताट घेऊन आली. बाकीच्यांना माठातलं पाणी आणि घरचे लाडू. सरांच्या ताटात पाण्याची बंद बाटली आणि बिस्किटांचा पुडा.

"ह्या तुमच्यासाठी. बाटलीचा सील पन फोडला नाय बघा," ती अगदी मनापासून म्हणाली. "आमच्या घरातला काय नाय त्याच्यात. तुमी लग्नाचे टायमाला बोललेले ना, या घरचा पानी तोंडात घेनार नाय. आमचेपायी तुमचा शब्द खाली नको पडायला."

टोमणा असता तर सरांनी परतवला असता. टोमणा नव्हताच. सरांनी बाटली बाजूला सारली. लाजेनं कान लाल झाले होते. मग त्यांनी हात जोडले आणि कसंबसं म्हणाले, "विहीणबाई, मला माठातलंच द्या."

प्रणिता आत गेली, तांब्या भरून आणला. सर घटाघटा पाणी प्यायले. पण तांब्या परत देताना तिच्या तोंडाकडे काही त्यांना बघवलं नाही.