पीटीच्या बाईंना काय कळतं

मी दादरच्या एका शाळेत पीटी शिकवते. माझ्याकडे डिग्री आहे, गळ्यात शिट्टी आहे आणि पोट आहे. लोकांना दिसतं ते फक्त पोट. नातेवाइकांत कुणाचाही गुडघा धरला तरी मला विचारत नाहीत, कारण जिचं स्वतःचं पोट आत जात नाही ती दुसऱ्याचा गुडघा काय बरा करणार? मला याचा राग येतो. पूर्वी वादही घालायचे, आता समोरचं थालीपीठ संपवते.

नायगावची चाळ पाडली आणि माझ्या भावाला नव्या टॉवरात घर मिळालं. खाली जिम. सुरुवातीला लोक तिथे चपला बाहेर काढून, ट्रेडमिलवर उभं राहून फोटो काढायचे. मग जिमला एक सर आले. हे सर आदल्या वर्षापर्यंत हिंदमाताच्या एका साड्यांच्या दुकानात बायकांना शालू खांद्यावर टाकून दाखवत, आणि ते काम फार सुंदर करत. मी स्वतः त्यांच्याकडून नको असलेली पैठणी घेतली आहे. नंतर त्यांनी दंड कमावले, मोबाइलवर व्हिडिओ टाकायला लागले आणि बघता बघता सर झाले.

सरांना सगळं माहीत होतं. पाठ का दुखते, झोप का येत नाही, लग्न का जमत नाही, सगळ्याच्या मुळाशी म्हणे श्वास होता. त्यांनी अख्ख्या टॉवरला तोंडावर चिकटपट्टी लावून नाकाने श्वास घेत पळायला लावलं. माझ्या भाचीनेही लावली. भाऊ म्हणाला, "एक मात्र खरं, पोरगी जन्मल्यापासून घरात पहिल्यांदा शांतता आहे."

भाचीचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिला पोलीस व्हायचं होतं. लहानपणापासून चाळीच्या खिडकीतून समोरच्या पोलीस वसाहतीतल्या बायका खाकीत ड्युटीला निघालेल्या बघायची, तेव्हापासूनचं ते वेड. दोनदा भरती थोडक्यात हुकली होती. यंदा वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे हे ग्राउंड, भरतीची मैदानी चाचणी, गेलं की कायमचं गेलं. म्हणून ती सकाळी उपाशीपोटी पळायची आणि संध्याकाळी सर पाठीवर वाळूची पिशवी बांधायचे ती घेऊन पुन्हा पळायची.

एका रविवारी मी जेवायला गेले, तर ही भिंतीला धरून चालत होती. "जयभीम आत्या," म्हणाली आणि जे बसली ती उठेना. मी तिचा पाय मांडीवर घेतला. नडगीवर अंगठा फिरवला, तर एका जागी ती कळवळली. एकाच जागी दुखणं मला आवडत नाही. स्नायू असा एका टिकलीएवढ्या जागी दुखत नाही.

"काय झालंय?" भावाने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "हाडाला त्रास असू शकतो. डॉक्टरला दाखवा. तोवर पळणं बंद."

"अगं, एवढी वर्षं पोरींना पळवतेस आणि माहीत नाही?"

आता याला काय सांगावं? एवढी वर्षं पळवलं म्हणूनच माहीत नाही म्हणता येतं. पण आपल्याकडे "माहीत नाही" म्हणणाऱ्याला मास्तर म्हणत नाहीत. आम्ही जेवत असतानाच सर घरी आले, पायाकडे लांबूनच बघितलं आणि निदान केलं: नस आखडली आहे, लाटण्याने रोज लाटायची आणि पळणं दुप्पट करायचं. भाची माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, त्यांना लगेच कळलं. पीटीच्या बाईंना काय कळतं?" मला फार लागलं. ताटावरून उठून निघून आले.

आठवड्याभरात तिला जिना उतरता येईना. मग आली माझ्याकडे, लंगडत, एकटी. मी तिला सरळ डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, एक्सरेत काही दिसत नाही, पण दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे. हाडावर ताण आलेला दिसतो, पळणं थांबवा. "किती दिवस?" भाचीने विचारलं. "आत्ताच सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. जगात माझ्यासारखं आणखी कुणी आहे हे पाहून मला बरं वाटलं. भाची मात्र दवाखान्याच्या बाकावर बसून ढसाढसा रडली.

पुढचा महिना आमचा दोघींचा वाईट गेला. तिला फक्त सायकल आणि एका जागी उभं राहून गोळाफेक. बाकीच्या मुली पळत असताना ही सरांच्याच जिममध्ये आरशासमोर सायकल मारायची. सर येता-जाता म्हणायचे, "मॅडम, आराम करून कुणी भरती झालंय का?" ती रोज मला विचारायची, "पाय टिकेल ना?" मी रोज सांगायचे, माहीत नाही. दुखणं गेल्यावर थोडं चालवलं, मग थोडं पळवलं. जरा दुखलं की घरी. ती माझ्यावर चिडायची, आणि रात्री मीही घाबरून जागी असायचे. या पोरीचं वय मी बसवून घालवतेय की काय, असं वाटायचं.

ग्राउंडच्या दिवशी पहाटे गेटवर पालकांची गर्दी होती. हॉलतिकीट हातात धरून ती आत निघाली आणि मागे फिरली. चेहरा पांढराफटक.

"आत्या, शेवटचं विचारते. टिकेल?"

खरं उत्तर तिलाही पाठ होतं. पण ते घेऊन कुणाला आठशे मीटर पळता येत नाही. मी छाती पुढे काढली, सरांसारखा आवाज लावला आणि म्हणाले, "टिकणार म्हणजे टिकणार. मला दिसतंय ना."

ती गेली. मी गेटच्या लोखंडाला धरून उभी राहिले.

दुपारी ती बाहेर आली. बूट हातात, चाल सरळ. पूर्ण पळाली होती, आणि वेळही चांगली नोंदवली होती. मी तिला जवळ घेतलं, तर तिने मला ढकललं. डोळे भरलेले, आवाजात राग.

"तुला आधीपासून माहीत होतं ना? मग महिनाभर मला का रडवलंस?"

मी खाली बसले आणि तिच्या नडगीवर त्याच जागी अंगठा फिरवला. टिकला होता; हे मलाही आत्ताच कळत होतं.