वन्समोर कुणाचा?

काशीच्या डोक्यात तिडीक गेली ती तालमीतच. वर्षानुवर्षं दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून नेरूळला यायचं, श्यामसुंदर गुरुजींच्या पेटीसमोर बसून नाट्यपदं घोटायची, मग घरी जाऊन आईची मासळीची पाटी उचलायची. आणि आता, पंच्याऐंशी साली, नेरूळच्या वसाहतीतल्या मंडळाचं पहिलंवहिलं संगीत नाटक बसलं, तर गुरुजी म्हणाले काय? "राजकन्येचं काम नंदिनी करेल. तू विंगेत उभी राहून गा, ती नुसते ओठ हलवेल."

नंदिनी ही मंडळाच्या अध्यक्षांची लेक. गळ्याच्या नावाने आनंदीआनंद!

"का? माज्यात काय कमी हाय?"

"राजकन्या शोभायला नको का, बाई?" अध्यक्षांनी नाक मुरडलं. मेल्याला तिच्या पाटीतले बोंबील बरे चालायचे!

गुरुजी मान खाली घालून पेटी पुसत बसले. 'वन्समोर हा गाणाऱ्याचा मान, तो ज्याचा त्यानेच घ्यावा,' असं हेच गुरुजी तिला पढवत आले होते. काशी तिथेच उठून जाणार होती. पण आईने, दुर्गाबाईने, अख्ख्या कोळीवाड्याला सांगून ठेवलं होतं, माजी पोर राजकन्या होनार! तिला खरं सांगायला काशीची जीभ रेटली नाही.

प्रयोगाला मंडप गच्च भरला. दुर्गाबाई मागे सतरंजीवर बसून लेकीला शोधत होती. काशी विंगेतून गायली, जीव तोडून गायली. पद संपलं आणि मंडप दणाणला, "वन्समोर!" नंदिनीने लाजून मुजरा केला.

तो मुजरा पाहून काशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरुजींनी पुन्हा सूर धरला. नंदिनीने तोंड उघडलं. आवाज नाही. लोक खुसखुसू लागले.

"काशी, गा! माझी अब्रू जाईल गं!" गुरुजी पेटीवरूनच कुजबुजले.

"आनि माजी?"

तिने पदर खोचला आणि ती घरच्या लुगड्यानिशी थेट रंगमंचाच्या मधोमध येऊन उभी राहिली. अध्यक्ष पहिल्या रांगेतून "पडदा! पडदा पाडा!" म्हणून ओरडत होते. काशीने त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि पहिल्या ओळीपासून पद उचललं. गुरुजींची बोटं आपोआप तिच्या मागे धावली. पडदा काही कुणी पाडला नाही.

पद संपलं. मग मागून दुर्गाबाईचा बाजारात कमावलेला आवाज आला:

"माजी पोर हाय ती! काशे, आजून येकदा गा!"