खोडलेला ठिपका

इंगवले सरांविषयी मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि लिहिण्याचा सराव म्हणाल तर पाठटाचणापुरता. चुकलं तर सांभाळून घ्यावं. सर गेले ते मला तीन आठवड्यांनी कळलं. माझी बदली राधानगरीच्या वरच्या अंगाला झालेली, पावसानं रस्ता बंद, टपाल अडकलेलं... कोल्हापूरला पोचलो तेव्हा खोलीत त्यांची रिकामी खुर्ची होती.

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी आम्हा दहा-बारा शाळामास्तरांना ते घरी ताऱ्यांचं शास्त्र शिकवत. पुस्तक फारसं उघडत नसत. एका वेधशाळेकडून त्यांनी जुन्या फोटोंच्या प्रती मागवल्या होत्या. तारा एकच, रात्री वेगवेगळ्या. आम्ही प्रत्येकी काही फोटो घ्यायचे, भिंगातून तो तारा शेजारच्या ताऱ्यांशी ताडायचा आणि त्याच्या तेजाचा आकडा मोठ्यानं सांगायचा. सर तो शाईनं वहीत लिहीत. मग आलेखावर ज्याचा त्यानं पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. शेवटी सगळे आकडे वेधशाळेला जायचे होते. "दिसतंय ते सांगा. दिसायला पायजे ते नको," एवढंच सर म्हणत.

सगळ्यांचे ठिपके एका ओळीत आले. माझा एक मात्र पार खाली. आमच्यातले पाटील गुरुजी ओरडले, "काय मास्तर, तुमचा तारा गॅसबत्ती हाय काय? मधीच हवा संपली!" सगळे हसले, मीही हसलो. इतके शिकलेले लोक, त्यात चूक माझीच असणार, असं मनानं घेतलं. मंडळी चहाला ओसरीवर गेली तेव्हा मी तो ठिपका खोडरबरानं पुसला आणि वर, ओळीत बसवला. आत आल्यावर सरांनी आलेख हातात घेतला. पुसलेल्या जागी कागद खरखरीत झाला होता. तिथं त्यांचा अंगठा जरा थांबला. "चहा निवला तुमचा," म्हणाले, बस्स. त्यानंतर बदली होईपर्यंत, वर्षभर, दर रविवारी आज सांगू म्हणत गेलो आणि न सांगता परतलो. त्याचा शीण अजून अंगात आहे.

परवा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, एक पाकीट पुढं केलं. सर गेल्यावर आलेलं. "इंग्रजी हाय. वाचून सांगा." वेधशाळेचं पत्र होतं. बाकीचे आकडे नेहमीचेच. एक मात्र फार खाली आहे म्हणून त्यांनी त्या रात्रीच्या फोटोची मूळ काच पुन्हा तपासली. आकडा बरोबर आहे. त्या रात्री दुसरा मंद तारा याच्या समोर आला होता, म्हणून तेज उतरलं होतं. ज्यांनी हे टिपलं त्यांचं नाव कळवावं.

आकडा माझा होता. सरांनी वहीतला, शाईचा पाठवला होता.

"वाईट हाय काय काही?" काकूंनी विचारलं.

"न्हाय काकू. पण हा ठिपका मी खोडलावता. सरांना कधी सांगितलं न्हाय."

काकूंनी भिंतीवरच्या आलेखाकडं पाहिलं. सरांनी तो तसाच लावून ठेवला होता, खरखरीत जागेसकट.

"त्यांस्नी ठावं हुतं की," त्या म्हणाल्या. "तुमची चाहूल लागली की म्हणायचे, हा आज सांगतोय बघ. दर रविवारी म्हणायचे."