बाजाराच्या दिवशीची कोंबडीवाली मंडळी

पोल्ट्रीच्या शेडमध्ये दोन गोष्टी साचतात, खत आणि किस्से. खत दर बॅचनंतर लोक ट्रॉली लावून घेऊन जातात. किस्से कोणी नेत नाही, ते आपले वाढतच राहतात!

मोताळ्याला माझं कोंबडीखाद्याचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतले पोल्ट्रीवाले तिथं जमायचे. पोत्यांवर बैठक मारायची, समोरच्या टपरीवरून चहा मागवायचा आणि सुरू! आता कंपनीची गाडी खाद्य थेट शेडवर उतरवते, मोठ्या शेडमधले पंखे मोबाईलवर चालतात, आणि माझ्या दुकानात मुलगा ठिबकचे पाईप विकतो. पाईपांवर कोणी बसत नाही. म्हणून म्हटलं, आहे तोवर सांगून टाकावं.

•

भास्करराव आमच्यात सगळ्यात वडील. गावरान कोंबड्या अंगणात फिरायच्या त्या काळात शेड बांधणारे त्यांच्या गावातले पहिले. पहिली पिल्लं आणायला ते मलकापूरला गेले, आणि आणली कशानं? एसटीनं! थंडीचे दिवस. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे खोके टपावर टाका म्हणून कंडक्टर हटून बसला.

"साहेब, कालची लेकरं हायेत. टपावर गारठून मरतीन!" भास्कररावांनी हात जोडले.

कंडक्टर विरघळला. खोके आत आले, खिडक्या लागल्या. तरी फटींतून वारा यायचाच. चिवचिवाट वाढला तशी एका बाईनं खोकं उघडून पाचसहा पिल्लं पदरात घेतली. ते पाहून दुसरीनं घेतली. मग कोणी टोपीत, कोणी मफलरीत. सगळी गाडी पिल्लं घेऊन गप्प बसली.

मोताळा आलं. भास्करराव एकेका सीटवरून पिल्लं गोळा करत मागं गेले. शेवटच्या सीटवर एक म्हातारे बाबा. फेटा सोडून मांडीवर घेतलेला, फेट्यात दोन पिल्लं.

"द्या बाबा, मले इथं उतराचं हाय."

बाबा हलेनात.

"बाबा, गाडी सुटते ना! द्या लवकर!"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल बे! आत्ताच डोळा लागला त्यायचा!"

•

भास्कररावांच्या घरच्या शांताकाकू माळकरी. घरात अंडंसुद्धा नाही. पण पिल्लं आली की पहिले काही दिवस त्यांचा मुक्काम शेडमध्येच. उबेचे बल्ब वर घे, खाली कर, पडदे सोड, पाणी बदल. आणि माल उचलायला गाडी आली की काकू घरात दार लावून बसायच्या.

एकदा गाडी वेळेआधी आली आणि काकू शेडमध्येच सापडल्या. क्रेट भरताना बघून डोळ्यांना पदर लावत त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "कुठी नेता रे बापू यायले?"

माल चाललेला अकोल्याला, कापायला. पण ड्रायव्हर नवा होता, आणि काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ. तो म्हणाला, "शेगावले नेतो, काकू."

काकूंचा चेहरा उजळला. "शेगावले? मंग थांब जरा. लुगडं बदलून येतो. मी बी चालतो!"

भास्करराव काही बोलणार तोवर काकू केबिनमध्ये! ड्रायव्हरनं बिचाऱ्यानं वाट वाकडी केली आणि गाडी खरंच शेगावात नेली. काकू उतरल्या, मंदिराच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाल्या, "महाराज, या पोरी तुमच्या पायाशी आनल्या. आता पुढचं तुमी पाहा."

आणि दर्शनाला निघून गेल्या. पुढच्या खेपेला तोच ड्रायव्हर माझ्या दुकानात चहा पीत सांगत होता, "दिनूभाऊ, अकोल्यापर्यंत आरशात मागं पाह्यची हिंमत नाई झाली!"

•

मग कंपन्या आल्या. पिल्लं त्यांची, खाद्य त्यांचं, शेड आणि मेहनत आपली. धंदा वाढला, शेड लांबले, आणि त्याबरोबर नवे शब्दही आले.

पहिल्यांदा कंपनीचा सुपरवायझर आला तेव्हा भास्करराव बुलढाण्याला गेले होते. शेडवर त्यांचे धाकटे भाऊ, नामदेवतात्या. सुपरवायझर पुण्याकडचा, नम्र पोरगा. चहा घेता घेता त्यानं विचारलं, "मग काका, मॉर्टॅलिटी कशी आहे?"

म्हणजे मरतूक. पण तात्यांना वाटलं, कंपनीचा माणूस विचारतो म्हणजे चांगलीच गोष्ट असणार.

"एक नंबर!" तात्या म्हणाले.

"एक नंबर म्हणजे?"

"म्हंजे जोरात हाय साहेब! रोजची हाय! तुमी म्हनसान तं आनखी वाढवू!"

सुपरवायझर चहा तसाच ठेवून शेडकडं पळाला.

•

गजू भास्कररावांचा पुतण्या, शेड स्वतःचा वेगळा, आमच्यात सगळ्यात तरणा. श्रावण लागला की कोंबडीला कोणी विचारत नाही, आणि गजूचं तोंड महिनाभर उतरलेलं. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरोघर कोंबडीचा रस्सा शिजतो. त्यामुळं पोळ्याला गावात सगळ्यात जास्त धावपळ गजूची! लोकांच्या बैलांच्या शिंगांना रंग लाव, झुली बांध, तोरण ताण.

मी विचारलं, "बे गजू, तुह्याकडे तं एक बी बैल नाई!"

"बैल नसो, दिनूभाऊ. पन पोळा आजच झाला पाह्यजे. एखाद्यानं उद्यावर ढकलला तं?"

•

कोरोनाचं साल मात्र हसत सांगता येत नाही. रोग आपल्याकडं पोचायच्या आधी मोबाईलवर मेसेज पोचला की कोंबडी खाल्ल्यानं होतो. गजूचा माल नेमका तयार. गाडी येईना, खाद्य संपत आलेलं, पक्षी दाटीवाटीनं उभे.

बाजारात त्यानं पाटी लावली, 'कोंबडी फुकट'. लोक पाटी वाचायचे आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचे. एकजण तर म्हणाला, "फुकट देऊन राह्यला म्हंजे पक्का लोचा हाय!"

भास्कररावांना राहवलं नाही. माझ्या दुकानासमोर त्यांनी चूल मांडली, रस्सा शिजवला आणि भर बाजारात पाट टाकून जेवायला बसले. गर्दी जमली. पण लांब उभी! म्हातारा पडतो की उठतो, हे पाहायला. भास्करराव जेवले, हात धुतले, ढेकर दिली. तेव्हा मागून आवाज आला, "आज नाई कळायचं. उद्या पाहू!"

संध्याकाळी गजूनं दोन भरलेले क्रेट माझ्या दुकानाबाहेर ठेवून दिले. देताना कोणी घेत नाही, निदान कोणी पाहत नाही तेव्हा तरी नेईल. सकाळी आम्ही येऊन बघतो तर दोन्ही क्रेट जागेवर. आणि शेजारी दुसऱ्या कोण्या पोल्ट्रीवाल्यानं आणून ठेवलेले आणखी चार!

गजू हसायला लागला. हसता हसता पोत्यावर बसला आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. भास्कररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

त्यानंतर भास्कररावांनी पुन्हा पिल्लं आणलीच नाहीत. शेडमध्ये आता सोयाबीनची पोती असतात. शांताकाकू म्हणतात, "लई सुनं लागते हो, दिनूभाऊ."

•

गजूनं मात्र पुन्हा उभं राहायचं ठरवलं. पुढं एका मे महिन्यात त्याचा शेड भरलेला, पक्षी विक्रीला आलेले, आणि ऐन दुपारी गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. पंखे बंद, पाण्याचे फवारे बंद. गजूचा जनरेटर नेमका दुरुस्तीला खामगावात. त्यानं मला फोन केला, मी पोचलो तेव्हा चोची उघड्या टाकून पक्षी धापा टाकत होते. आम्ही ओली पोती टांगत होतो, पण तेवढ्यानं काय होतं?

तेवढ्यात रस्त्यावर वरात दिसली. पुढं जीप, मागं ट्रॅव्हल्स, आणि सगळ्यात मागं डीजेचा टेम्पो. टेम्पोवर जनरेटर!

गजू रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. वरबाप भडकले, "सरक बे! गोरज मुहूर्त हाय आमचा!"

जीपमधून नवरदेव खाली उतरला. त्यानं शेडकडं एकदा पाहिलं. "मह्या मामाची पोल्ट्री होती," तो म्हणाला. "एका दुपारात सारी गेली." आणि टेम्पोवाल्याला ओरडला, "घे रे आत!"

जनरेटर जोडला. पंखे फिरले, फवारे सुरू झाले. पण बसलेले पक्षी उठवून फिरवायचे होते, नाहीतर बसल्या जागी जातात. वऱ्हाडी चपला काढून आत शिरले. नवरदेव सगळ्यात पुढं, बाशिंग मागं टाकून. ऊन उतरेपर्यंत कोणी बाहेर आलं नाही.

मुहूर्ताची वेळ जवळ आली तसे मोटरसायकलवरून वधूपिता शोधत आले. रागानं लाल! "कुठी हाय नवरदेव?"

फेट्याला पिसं चिकटलेली, पांढऱ्या शेरवानीची दशा झालेली, असा जावई शेडच्या त्या टोकाहून ओरडला, "मामंजी, तिकडच्या उठवा! बसू देऊ नका यायले!"

मामंजी धोतर खोचून आत गेले.

थोड्या वेळानं नवरदेवाचा फोन वाजला. त्याचे हात भरलेले, म्हणून मीच स्पीकरवर लावला. पलीकडं नवरी.

"बाबा पोचले काय?"

"हाव. कोंबड्या उठवून राह्यले."

"वाचल्या काय?"

"बऱ्याच वाचल्या."

"मंग या आता," ती म्हणाली. "पन दोघं बी आंघोळ करून या!"